धाप लागणाऱ्या माणसाचा घास

जुनाट दम्याचा माणूस दवाखान्यात गेला की डॉक्टर छातीला नळी लावतात, बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन पाहतात, सोय असेल तर यंत्रात फुंकर मारायला लावून फुप्फुसांची ताकद मोजतात. खोकला किती दिवसांचा, बेडका पांढरा की पिवळा, चढ चढताना दम लागतो का, हेही विचारतात. जेवताना काय होते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. रुग्णही आपणहून सांगत नाही. दिवसभर खोकणाऱ्याला जेवताना खोकला आला तर त्यात वेगळे सांगण्यासारखे काय, असे त्याला वाटते. घरच्यांच्या लेखी तर ठसका लागला म्हणजे कुणीतरी आठवण काढली. अशा रीतीने एक महत्त्वाचे लक्षण रोज दोन वेळा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडते आणि कुणाच्या नोंदीत येत नाही. ज्याची फुप्फुसे वर्षानुवर्षे आजारी आहेत त्याच्या गिळण्याची चौकशी हा त्याच्या छातीच्या उपचाराचाच भाग आहे, असे माझे म्हणणे आहे. बीडसारख्या जिल्ह्यात ती चौकशी जास्त गरजेची आहे, आणि वाटते त्याहून सोपीही आहे.

आधी घशात काय घडते ते पाहू. हवा आणि अन्न घशात एकाच वाटेवर येतात आणि तिथून वाटा फुटतात. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. गळ्याच्या पुढच्या उंचवट्यावर बोट ठेवून आवंढा गिळला तर तो उंचवटा वर सरकल्याचे लगेच कळते. ते स्वरयंत्र. प्रत्येक घासाला ते वर आणि पुढे येते, त्यावरचे झाकण मागे कलते, आतल्या स्वरपट्ट्या मिटतात आणि सुमारे एक सेकंद श्वास थांबतो. निरोगी माणूस बहुतेक वेळा श्वास सोडता सोडता गिळतो आणि गिळून झाल्यावर उरलेला श्वास सोडतो. एखादा कण किंवा थेंब घशात मागे राहिला असेल तर बाहेर येणारी ही हवा त्याला खाली उतरू देत नाही. आता ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात आणि गावात जुना दमा म्हणतात, त्या आजाराचा माणूस घ्या. त्याच्या श्वासवाहिन्या अरुंद झालेल्या असतात. आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास घ्यावा लागतो, हवा छातीत साठत जाते आणि श्वासाचा वेग वाढतो. साधा हिशेब करून पाहा. मिनिटाला १५ श्वास घेणाऱ्याला एका श्वासाला ४ सेकंद मिळतात. त्यातला एक सेकंद गिळण्यात गेला तर त्याला पत्ताही लागत नाही. मिनिटाला ३० श्वास घेणाऱ्याच्या वाट्याला एका श्वासामागे २ सेकंद येतात आणि गिळण्याने त्यातला निम्मा वेळ घेतला की हवेची ओढ अनावर होते. मग घास नीट उतरण्याआधीच तो श्वास आत ओढतो, आणि घशात राहिलेले त्या श्वासाबरोबर फुप्फुसाकडे जाते.

एवढ्यावरच हे थांबत नाही. साठलेल्या हवेने श्वासपटल खाली दाबले गेलेले असते. पोट भरले की त्याला हालचालीला आणखी कमी जागा उरते, म्हणून अशा माणसाला निम्म्या भाकरीतच धाप लागते. आजार जुना झाला की अंगाचे मांस झडते आणि त्यात घशाचे स्नायूही आले. वर्षानुवर्षांच्या धुराने आणि खोकल्याने घशाच्या अस्तराची जाणीव बोथट होते. श्वासनलिका मोकळी करणाऱ्या काही पंपांनी तोंड कोरडे पडते. स्टेरॉइडचा पंप घेऊन चूळ न भरल्यास तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात आणि गिळताना आग होते. थिओफायलिनसारख्या गोळ्यांनी अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू सैल पडून आंबट पाणी घशाशी येऊ शकते. यातली एखादी गोष्ट असेल तर शरीर निभावून नेते, पण वयस्कर रुग्णात त्या बहुधा तीन-चार मिळून असतात. (यावरून कुणी औषध आपल्या मनाने बंद करू नये. पंपानंतर चूळ भरून थुंकून टाकणे आणि त्रास डॉक्टरांच्या कानावर घालणे, एवढेच त्यातून घ्यावे.)

याला पुरावा काय? अमेरिकेत रोक्सन डिएझ ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मध्यम ते तीव्र सीओपीडी असलेल्या २५ जणांची आणि त्याच वयाच्या २५ निरोगी माणसांची तुलना प्रसिद्ध केली. दोन्ही गटांना मऊ आणि कोरडा असे दोन प्रकारचे पदार्थ दिले आणि प्रत्येक घासाच्या वेळी श्वास आत जात होता की बाहेर, हे यंत्राने टिपले. आजारी गटात श्वास आत घेताना गिळण्याचे आणि गिळल्यावर लगेच श्वास ओढण्याचे प्रमाण स्पष्टपणे जास्त निघाले. जपानमधल्या क्योटोच्या संशोधकांनी २०१० मध्ये ‘चेस्ट’ या नियतकालिकात सीओपीडीच्या रुग्णांचा अभ्यास मांडला. ज्यांची गिळण्याची प्रतिक्रिया बिघडलेली होती त्यांचा आजार जास्त वेळा उफाळत होता, असे त्यात दिसले. अमेरिकी सैन्यातल्या माजी सैनिकांवरचा २००० सालचा एक अभ्यास नेहमी सांगितला जातो. गिळण्याच्या क्ष-किरण तपासणीसाठी आलेल्या ७८ सीओपीडी रुग्णांपैकी ८५ टक्के लोकांमध्ये त्यात काही ना काही दोष सापडला होता. हा आकडा मात्र जपून वापरायला हवा. त्या रुग्णांच्या गिळण्यात दोष असल्याचा संशय आल्यामुळेच त्यांना तपासणीला पाठवले होते. सर्वसाधारण सीओपीडी रुग्णांतले प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत बरेच वेगवेगळे येते, कारण कोण प्रश्नावली वापरतो, कोण पाणी पाजून पाहतो, तर कोण क्ष-किरणाखाली पाहतो. तरीही सावधपणे मोजणाऱ्यांच्या हिशेबानेसुद्धा हा त्रास तुरळक ठरत नाही.

आता बीडकडे येऊ. भारतात २०१६ मध्ये सुमारे ५ कोटी ५३ लाख लोकांना सीओपीडी होता, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झाला. १९९० मध्ये ही संख्या सुमारे २ कोटी ८१ लाख होती. याच अभ्यासानुसार देशातल्या सीओपीडीच्या भारापैकी ५३.७ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा, म्हणजे घरातल्या चुलीचा आणि बाहेरच्या हवेचा, तर २५.४ टक्के वाटा तंबाखूचा होता. सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार ही जी समजूत पुस्तकांतून आपल्याकडे आली, ती इथे लागू पडत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी केवळ ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे आढळले. तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे त्याच्या कितीतरी पट जास्त होते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हाच मुद्दा जगापुढे ठेवला होता. कधीही न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी होतो, आणि त्यामागे सरपण-गोवऱ्यांचा धूर हे मोठे कारण आहे. बीडच्या बाईला हे समजवायला आकडे लागत नाहीत. चूल पेटेना म्हणून फुंकणी तोंडाला लावायची, फुंकर मारायची आणि पुढच्या फुंकरीसाठी छातीभर श्वास घ्यायचा तो त्याच धुरातून. हे तिने लहानपणापासून केलेले असते. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, पुष्कळ घरांत शेगडी पोहोचली, पण आज साठीत असलेल्या बाईच्या फुप्फुसांत त्याआधीची चाळीस-पन्नास वर्षे साठलेली आहेत. त्यात बरा झालेला क्षयही अनेकांच्या फुप्फुसांवर कायमचे व्रण आणि कायमची धाप ठेवून जातो.

ऊसतोडीने हा प्रश्न आणखी बिकट होतो. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज अशा बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या फडांवर त्या मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. बाई पहाटे अंधारात उठते, कोपीच्या तोंडाशी तीन दगडांवर लाकडे आणि पाचट पेटवून भाकरी थापते, आणि उजाडायच्या आत फडात असते. जेवण कधी मिळेल ते गाडी भरण्यावर ठरते. थंड झालेली भाकरी, चटणी किंवा ठेचा, दोन घोट पाणी आणि पुन्हा मोळी डोक्यावर. ज्याची फुप्फुसे धडधाकट आहेत त्याला हे खपून जाते. ज्याला दम लागतो त्याच्यासाठी यातली प्रत्येक गोष्ट गिळण्याला मारक आहे, कारण कोरडा, तुकडे पडणारा घास, घाई आणि श्रमाने आधीच चढलेला श्वास इथे एकत्र येतात. गावाकडची स्थिती निराळी पण चिंता तीच. हंगामात पुष्कळ वस्त्यांवर म्हातारी माणसे आणि शाळेतली नातवंडे एवढीच मागे राहतात. ज्यांना सीओपीडी असण्याची शक्यता सर्वांत जास्त, ती माणसे ऐन थंडीत, म्हणजे आजार उफाळण्याच्या दिवसांत, कर्त्या माणसांवाचून असतात. आजीचे जेवण कमी झाले, पाणी पिताना तिला सारखा ठसका लागतो, हे पाहणारा मोठा माणूस घरात नसतो. नातवाला ते दिसते, पण सांगायचे कुणाला, हे त्याला ठाऊक नसते.

यावर पहिला आक्षेप साधा आहे. ठसका कुणाला लागत नाही? घाईत खाताना, हसताना, पाणी पिताना सगळ्यांनाच कधी ना कधी लागतो. खरे आहे, आणि एखाद्या ठसक्यावरून कुणी दवाखाना गाठावा असे मी म्हणत नाही. पाहायचे आहे ते वारंवार काय घडते. आठवड्यात बऱ्याच जेवणांना ठसका लागणे, पाणी-चहासारख्या पातळ पदार्थाने हमखास लागणे, गिळल्यानंतर आवाज घोगरा किंवा ओलसर होणे, एका घासाला दोन-तीनदा गिळावे लागणे, जेवण संपायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागणे, जेवता जेवता दमून ताट बाजूला सारणे, कारण न कळता वजन घटणे, आणि छातीत पुन्हा पुन्हा कफ दाटणे. यातल्या दोन-तीन गोष्टी जुना दमा असलेल्या माणसात दिसल्या तर तो साधा ठसका राहत नाही. याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. ज्यांच्या घशाची जाणीव बोथट झाली आहे त्यांच्या श्वासनलिकेत अन्नपाणी उतरले तरी खोकला येत नाही. बाहेरून सगळे सुरळीत दिसते आणि दोन दिवसांनी ताप येतो. म्हणून ‘ठसका लागत नाही, म्हणजे गिळणे ठीक’ हा निष्कर्षही चुकीचा ठरू शकतो. वारंवार होणाऱ्या न्यूमोनियाचे कारण सापडत नसेल तर ठसक्याची वाट न पाहता गिळण्याकडे पाहायला हवे.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि त्याला मान द्यायला हवा. गिळणे बिघडल्यामुळे आजार उफाळतो, की आजार उफाळल्यामुळे गिळणे बिघडते? वर सांगितलेले अभ्यास दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढे दाखवतात. गिळणे सुधारल्याने रुग्णालयात जाण्याची वेळ कमी येते, हे मोठ्या चाचण्यांनी पक्के सिद्ध झालेले नाही. पातळ पदार्थ घट्ट करून देण्याचा उपाय सर्वत्र सुचवतात. त्याने तपासणीच्या वेळी पाणी श्वासनलिकेत जाणे कमी दिसते, पण न्यूमोनिया टळतो याचा भक्कम पुरावा नाही, आणि घट्ट पाणी नकोसे होऊन माणूस कमी पिऊ लागण्याचा धोका खरा आहे. हे सगळे मान्य करूनही माझा निष्कर्ष बदलत नाही. कारण काहीही असो, धाप लागलेल्या वेळी घास चुकीच्या वाटेने जाण्याची शक्यता वाढते, ही बाब शरीराच्या रचनेतून आणि प्रत्यक्ष मोजणीतून दोन्हीकडून समोर येते. आणि ज्या उपायांबद्दल मी बोलतो आहे ते विचारपूस, बसण्याची पद्धत, घासाचा आकार आणि तोंडाची स्वच्छता असे आहेत. त्यांना फारसा खर्च नाही आणि त्यांच्यापासून अपायाची भीती जवळजवळ नाही. अशा उपायांसाठी महागड्या औषधाइतका पुरावा येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे नाही. तोंडाच्या स्वच्छतेबाबत तर बऱ्यापैकी पुरावा आहेच. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत जेवणानंतर दात आणि तोंड नियमित साफ करून घेतलेल्यांना दोन वर्षांत न्यूमोनिया कमी झाला, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आणि नंतर सविस्तर प्रसिद्ध झाले. ते सगळे सीओपीडीचे रुग्ण नव्हते, पण फुप्फुसात उतरणारी लाळ किती घाण आहे यावर पुढचे अवलंबून असते, हे सूत्र इथेही लागू आहे. मिश्री आणि तंबाखूने खराब झालेली तोंडे ज्या भागात इतकी आहेत, तिथे तर जास्तच.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. बीडमध्ये हे तपासणार कोण? गिळण्याची सखोल तपासणी दोन रीतींनी होते. क्ष-किरणाखाली बेरियम मिसळलेला घास गिळायला देऊन, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहत. ती करणारे आणि नंतर व्यायाम शिकवणारे वाचा-उपचार तज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट, मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. ही अडचण खरीच आहे. पण जिल्हा रिकामा नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७०च्या दशकापासून आहे. ग्रामीण भागासाठीच ते काढले गेले. तिथल्या छातीच्या आणि कान-नाक-घशाच्या विभागांनी आठवड्यातला एक ठरावीक दिवस अशा रुग्णांसाठी एकत्र दिला तरी अंबाजोगाई, केज, परळी, धारूर या बाजूच्या लोकांची सोय होईल. आष्टी-पाटोद्याकडचा माणूस अहिल्यानगर गाठतो, त्याला तिथे पाठवता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवरच्या केंद्रासाठी श्रवण व वाचा-उपचार तज्ज्ञाच्या पदाची तरतूद आहे. ते पद मुलांसाठी आहे, पण गिळण्याचे शास्त्र त्याच तज्ज्ञाच्या शिक्षणाचा भाग असते. आठवड्यातले दोन तास प्रौढ रुग्णांना मिळावेत, असा निर्णय घेणे अवघड नाही.

मुळात बहुतेक रुग्णांसाठी पहिली पायरी दुर्बिणीची नाहीच. ती प्रश्नाची आहे. गिळण्याच्या त्रासासाठी दहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली अमेरिकेत २००८ मध्ये तयार झाली. रुग्ण प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण देतो आणि बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढे पाहावे, असा तिचा नियम आहे. सीओपीडीच्या रुग्णांवरही ती वापरून पाहिली गेली आहे. आपल्याकडे तेवढीही नवी यंत्रणा उभारायला नको. आशाताई ३० वर्षांवरच्या माणसांसाठी घरोघरी जो आरोग्याचा अर्ज भरतात, त्यात दम लागतो का हा प्रश्न आहे, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का हा आहे, आणि स्वयंपाकाला लाकूड, गोवऱ्या की गॅस, हाही आहे. तोंडाच्या कर्करोगासाठी तोंड उघडायला त्रास होतो का, न भरणारा व्रण आहे का, हेही विचारतात. म्हणजे फुप्फुस, चूल आणि तोंड तिन्ही त्या कागदावर आधीच आहेत. दम लागतो असे सांगणाऱ्याला तिथेच आणखी दोन प्रश्न विचारता येतील. जेवताना किंवा पाणी पिताना वरचेवर ठसका लागतो का? गेल्या काही महिन्यांत जेवण किंवा वजन कमी झाले का? उत्तर हो आले तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवायचे. आशाताईंवर आधीच कामाचा बोजा आहे आणि त्यांचा मोबदला तुटपुंजा आहे, ही तक्रार मी मान्य करतो. नवे काम देताना त्याचे पैसेही द्यायला हवेत. पण ज्या घरात त्या बसलेल्याच आहेत तिथे दोन प्रश्न वाढवणे आणि वेगळी मोहीम काढणे यांत फार अंतर आहे.

कुणी म्हणेल, इथे साधा पंप वेळेवर मिळत नाही, तिथे गिळण्याची चर्चा म्हणजे चैन. मला उलट वाटते. ज्याला पंप परवडत नाही, दवाखाना लांब आहे, रोजगार बुडाला तर उचल फिटत नाही, त्याच्यासाठी टाळता येण्याजोगा एक न्यूमोनियासुद्धा फार महाग आहे. घरात करण्याच्या गोष्टी तर लगेच सुरू करता येतात. धाप चढलेली असताना जेवू नये. आधी पाच-दहा मिनिटे बसून श्वास खाली येऊ द्यावा. मांडी घालून ताटावर वाकले की पोट छातीला दाबते, म्हणून शक्य असेल तर खुर्चीवर किंवा पाट-चौरंगाने ताट उंच करून ताठ बसावे. घास लहान, एक घास पूर्ण उतरला की श्वास सोडायचा, मग दुसरा. जेवताना बोलू नये. पोटभर दोन वेळा खाण्यापेक्षा थोडे थोडे चार-पाच वेळा खावे. भाकरी कोरडी न खाता घट्ट पिठल्यात, वरणात मऊ होईपर्यंत मुरवावी. पातळ कालवणात तरंगणारे तुकडे मात्र टाळावेत, कारण पाणी आधी घसरते, तुकडा मागे राहतो आणि घशाला दोन्ही एकदम सांभाळावे लागते. फुटाणे, चुरमुरे, अख्खे शेंगदाणे अशा माणसाला नकोत. शेंगदाण्याचे कूट चालेल. आपल्याकडे तांब्या वरून धरून, मान मागे टाकून पाणी ओतून घेण्याची पद्धत आहे. जुना दमा असलेल्याने ती सोडावी, कारण मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट उघडी पडते आणि पाणी न मोजता घशात येते. पेला ओठाला लावून, हनुवटी किंचित खाली ठेवून, एकेक घोट घ्यावा. जेवल्यावर चूळ भरावी, दात घासावेत, आणि अर्धा तास तरी आडवे होऊ नये.

एक गोष्ट जोर देऊन सांगायला हवी, कारण ती मायेपोटी होते. माणसाला जोराची धाप लागली, तो अंथरुणावर कण्हतो आहे, की घरचे धावून पाणी पाजतात, चमच्याने तोंडात घालतात, चार घास भरवल्याशिवाय दवाखान्यात न्यायला तयार नसतात. त्या वेळी त्याला श्वास थांबवून गिळणे जवळजवळ अशक्य असते. आडव्या, अर्धवट शुद्धीतल्या किंवा धापा टाकणाऱ्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला बसते करावे, ओठ ओले करावेत आणि गाडी बोलवावी. दवाखान्यात तोंडावर मास्क असताना, नर्सला न विचारता, तो वर करून चहा पाजणे हेही तितकेच धोक्याचे आहे.

शेवटचा आक्षेप भीतीचा. असे प्रश्न विचारले तर माणसे खाणेच सोडतील, आणि सीओपीडीत वजन घटणे हे स्वतःच वाईट लक्षण आहे. ही भीती रास्त आहे, म्हणून सांगण्याची रीत महत्त्वाची. ‘हे खाऊ नका’ची यादी देण्यापेक्षा ‘असे खा’ हे सांगावे. दूध, ताक, केळी कफ करतात म्हणून म्हाताऱ्यांच्या ताटातून ती काढून टाकली जातात. दुधाने फुप्फुसात कफ वाढतो याला चांगला पुरावा नाही, आणि दम्याच्या अशक्त माणसाला त्यातल्या प्रथिनांची आणि उष्मांकांची गरज असते. घट्ट दही, मऊ उकडलेले अंडे, तूप घातलेला मऊ भात, दाट मुगाचे वरण हे त्याच्यासाठी चांगले अन्न आहे. मात्र सगळा दोष फुप्फुसावर टाकण्याची घाईही करू नये. आधी भाकरी अडकते, मग भात, मग पाणी, असा त्रास चढत जात असेल, गिळताना दुखत असेल, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला असेल, गळ्यात गाठ लागत असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर तो घशाचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग नाही ना, हे आधी पाहायला हवे. ज्या जिल्ह्यात तंबाखू आणि मिश्रीचा वापर इतका आहे, तिथे ही खात्री करून घेण्यात दिरंगाई परवडणारी नाही. अचानक एका बाजूची ताकद जाऊन गिळता येईनासे झाले, तर तो अर्धांगवायू समजून त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

बीडने मनावर घेतले तर घरोघरी जाऊन विचारता येते, हे याच जिल्ह्याने दाखवले आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी होऊन त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर या कामगारांची तपासणी व्हावी, ही मागणी तेव्हापासून होत आली आहे. त्या तपासणीच्या कागदावर धाप आणि घास यांचे प्रश्न शेजारी शेजारी छापले जावेत, आणि ते गावी राहणाऱ्या म्हाताऱ्यांनाही विचारले जावेत, अशी जिल्हा आरोग्य विभागाला आणि ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळाला विनंती आहे. वेळ सप्टेंबरचा असावा. कारखान्यांच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले आणि गाड्या निघाल्या की विचारायला घरात माणूस सापडत नाही. तोवर ज्यांच्या घरी जुन्या दम्याचा माणूस आहे त्यांनी पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना पंप आणि जुने कागद यांच्यासोबत एवढे लक्षात ठेवून जावे, की गेल्या आठवड्यात त्याला किती जेवणांना ठसका लागला, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी ते सांगावे.